मिस्त्रींची घोंगडी आणि गारठलेली कंपासपेटी

मिस्त्रींनी माझ्या पेडलांवर पांघरलेली घोंगडी मी काढून घेतली आणि स्वतः पांघरून झोपलो.

हे वाक्य एकदाचं कागदावर उतरवलं की हलकं वाटेल, अशी माझी कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. तेव्हा पुढचंही सांगून टाकतो, कारण झालेल्या सगळ्या प्रकारात घोंगडी ही सगळ्यात लहान गोष्ट आहे.

पेडल म्हटल्यावर ज्यांना सायकल आठवली असेल त्यांच्यासाठी आधी थोडं. इलेक्ट्रिक गिटारची वायर थेट स्पीकरला न नेता मध्ये दोन-चार लहान डब्यांतून फिरवून नेतात. प्रत्येक डबीवर पायानं दाबायचं एक बटण आणि हातानं फिरवायच्या दोन-तीन खुंट्या. एका डबीतून गेला की आवाज विहिरीत बोलल्यासारखा घुमतो, दुसरीतून गेला की तोच सूर पुन्हा पुन्हा मागे येतो, आणि तिसरीतून गेला की फाटतो. हो, फाटतो. चांगला धडधाकट आवाज मुद्दाम फाडून घेण्यासाठी माणसं जिवाचा आटापिटा करतात, हे मी बायकोला गेली पंधरा वर्षं समजावून सांगतो आहे. "तुमचा मुळातच फाटका आहे, डबी कशाला लागते?" हा तिचा प्रश्नही पंधरा वर्षं जुना आहे.

मी नांदेडात एका सरकारी कचेरीत आवक-जावकाचं टेबल सांभाळतो. गिटार हा नाद. आमच्या शेजारच्या गल्लीत एक गुरुजी राहतात, प्राथमिक शाळेवर आहेत. ते स्वतःची गाणी स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात आणि फार गोड गातात. त्यांच्या गाण्याला तबला पुरतो. पण मी गेली सहा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला गिटार घेऊन बसतो आणि गुरुजी मुळातच सज्जन असल्यामुळे त्यांनी मला अजून उठवलेलं नाही.

आणि मिस्त्री. वय पासष्टच्या आसपास, जुन्या मोंढ्याकडच्या एका बोळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि छतापर्यंत रचलेले मुके रेडिओ. त्याच्याच जोडीला माईक-स्पीकरचा एक सेट. विहारातले कार्यक्रम, शाळांची गॅदरिंगं, साखरपुडे, सगळीकडे एकेकाळी मिस्त्रींचाच सेट असायचा. आता भिंतीएवढे डीजे आले. पोटात गोळा येईल असा आवाज लोकांना हवा झाला. मिस्त्री त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. स्पीकरवर जुनी चादर टाकून ठेवतात, एवढंच.

फाटक्या आवाजाची माझी डबी मिस्त्रींनीच बनवून दिली होती. बाजारात मिळते तसली नव्हे. त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्या रेडिओतून त्यांनी जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर काढले. हरभऱ्याएवढे, टोपी घातल्यासारखे दिसणारे. असे वीस-पंचवीस तपासून त्यातले दोन निवडले. पेटी सापडेना म्हणून माझ्या मुलीची जुनी कंपासपेटी घेतली, माझ्या पायाखाली चेपू नये म्हणून आत लाकडाची फळी बसवली, वर बटण आणि दोन खुंट्या. झाकणावर आतल्या बाजूनं अजून सातचा पाढा लिहिलेला आहे. पण आवाज असा की काय सांगू. मध खरवडल्यासारखा. देताना मिस्त्री म्हणाले होते, "हे बग गड्या, नव्या मालासारखं हे न्हाई. ह्याला आपल्यासारखी कातडी हाय. लई गारठा झाला की आवाज बसतो, लई तापलं की फुगतो. थंडीत ह्याला उबीला ठेवायचं. ध्यानात ऱ्हाईल का?"

"राहील की," मी म्हणालो. तेव्हा मे महिना होता. नांदेडच्या मे महिन्यात थंडीची सूचना कोण ध्यानात ठेवतो? आमच्याकडे माणसं एकमेकांना उन्हाचे आकडे सांगून मोठेपणा मिरवतात. थंडी म्हणजे कुठं तरी उत्तरेकडे पडणारी, बातम्यांतली.

तर गेल्या पौषात उदगीरकडच्या एका शेतावरून बोलावणं आलं. तिथले मालक चाळिशीतले, उमेदीचे. रविवारी सकाळी शेतावर हुरड्याला लोक बोलवायचे. लातूरहून, उदगीरहून, काही नांदेडहूनही गाड्या यायच्या. आगटीतून निघालेली गरम कणसं, तिळाची चटणी, गूळ, दही, आणि जोडीला या वर्षीपासून सकाळचं गाणं, असा त्यांचा बेत होता. गाणारे दर रविवारी वेगळे. पण माईक-स्पीकरचा सेट मात्र एकच ठेवायचा, हुरडा संपेपर्यंत. पहिल्या रविवारी गुरुजींचं गाणं आणि मिस्त्रींचा सेट. आवाज पसंत पडला की पुढचे सगळे रविवार मिस्त्रींचे.

मिस्त्रींच्या दुकानात मी त्या आठवड्यात दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते गात होते. मिस्त्री! हातात सोल्डरिंगची कांडी आणि तोंडानं गुणगुण. स्पीकरचे फाटलेले कागद बदलले होते, खोक्यांना काळा रंग दिला होता, वायरींना नव्या पिना लावल्या होत्या. "लई दिवसांनी कुणी आवाज ऐकायला बोलवून राहिलंय," ते म्हणाले. "निस्ता दणका न्हाई. आवाज."

शनिवारी दुपारी गुरुजी, त्यांचे तबलजी, मिस्त्री आणि मी असे भाड्याच्या टेम्पोनं निघालो. कंधारला चहा झाला, आणि शेतावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. बाभळीखाली लाकडी मंच, समोर ज्वारी. आम्ही सामान मांडलं, आवाज तपासला. मी कंपासपेटी दाबली आणि काय सूर निघाला! ज्वारीतल्या पाखरांचा थवाच्या थवा उठला. मी ते कौतुक समजलो.

खुंट्या अगदी जागेवर बसल्या होत्या. कंपासपेटी, घुमवणारी डबी, मागे येणारी डबी, सगळ्या एका फळीवर ओळीनं. मिस्त्री म्हणाले, "आता हे उचल आणि खोलीत ने."

"नको. खुंट्या हलतील. सकाळी पुन्हा कोण जमवत बसणार?"

"लेका, हितं दव पडतंय. मी काय म्हणालो होतो मे महिन्यात?"

"काही होत नाही मिस्त्री. आपण काय काश्मिरात आहोत का?"

मिस्त्रींनी वाद घातला नाही. टेम्पोतून स्वतःची काळी घोंगडी आणली, दोन पदरी करून फळीवर अशी घातली की एक टोकही उघडं राहिलं नाही, कडेनं चार दगड ठेवले, आणि स्वतः टेम्पोच्या केबिनमध्ये पोतं गुंडाळून झोपायला गेले.

गुरुजी आणि तबलजी मालकांच्या खोलीत झोपले. मलाही तिथं जागा होती. पण जेवताना मी सगळ्यांसमोर बोललो होतो की नांदेडच्या माणसाला कसली आलीय थंडी, मी आपला बाहेर, मांडवात, बाजेवर. मालकांनी एक चादर दिली. 'अजून एक घ्या,' असंही म्हणाले. मी हसून हात हलवला.

नऊ वाजले असतील नसतील. बाजेखालून गारवा असा वर यायला लागला की बाज आहे की बर्फाची लादी तेच कळेना. दार ठोठावून दुसरी चादर मागायची तर जेवतानाचं भाषण आडवं येत होतं. मंच दहा पावलांवर होता. मी गेलो, दगड बाजूला केले, घोंगडी उचलली. बदल्यात पेडलांवर वर्तमानपत्राची दोन पानं पसरली. अगदीच उघड्यावर टाकून आलो असं कुणी म्हणू नये. घोंगडीत इतकी ऊब होती की मला लगेच झोप लागली. ही त्यातली खरी लाजिरवाणी गोष्ट. रात्रभर तळमळलो असतो तर आज सांगायला जरा तरी तोंड राहिलं असतं. मी घोरलो. तबलजींनी आतून ऐकलं.

सकाळी कुणी उठायच्या आत मी वर्तमानपत्र काढलं. त्याचा लगदा झाला होता. घोंगडी होती तशी दोन पदरी करून फळीवर घातली, कडेनं चार दगड ठेवले. पाचवा ठेवला असता तरी पुरावा त्यानं झाकला गेला नसता, पण ते पुढं येईलच.

आठच्या सुमारास गाड्या यायला लागल्या. साठेक माणसं झाली. तोंडातून वाफा, अंगावर शाली, आगटीभोवती गर्दी. मिस्त्रींनी येऊन फळीवरची घोंगडी काढली. घोंगडीवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग तिची घडी घालून बाजूला ठेवली आणि माईक लावायला गेले.

गुरुजींनी पहिलं गाणं सुरेख म्हटलं. दुसऱ्या गाण्यात कडव्यांच्या मध्ये माझी जागा होती. तिच्यासाठी मी महिनाभर घरच्यांचा अंत पाहिला होता. मी डोळे मिटले, मान वर केली आणि कंपासपेटी दाबली.

काडेपेटीत माशी कोंडल्यासारखा आवाज आला. सूर निघायचा आणि अर्ध्यात तुटायचा. पुन्हा निघायचा, पुन्हा तुटायचा. मागे येणाऱ्या डबीच्या छोट्या पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलानं बदलत होता. खुंटी फिरवली तर ती आखडलेल्या मानेसारखी घट्ट. डबीवरून माझ्या मोज्यावर पाणी ओघळलं. मला त्याच क्षणी सगळं कळलं. दव, गारठा, जर्मेनियम, कातडी, मे महिना, सगळं.

समोर साठ माणसं. कणीस चोळता चोळता हात थांबलेले. आणि मी बावीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस. आमच्याकडे एखादी फाईल हरवली की पहिलं काम शोधायचं नसतं. पहिलं काम, ती दुसऱ्या टेबलाकडे गेल्याचं सांगायचं असतं. हे आम्ही इतकं सरावानं करतो की त्यात विचार लागत नाही. मी माईकवर वाकलो आणि म्हणालो, "मिस्त्री, तुमच्या लाईनीत काहीतरी लफडं आहे. वायरी बघा जरा."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग घडी घातलेल्या घोंगडीकडे पाहिलं. मग वायरींची पिशवी उचलली, गुडघ्यांवर बसले आणि एकेक वायर काढून तपासायला लागले. पासष्ट वर्षांचा माणूस, साठ लोकांसमोर, गुडघ्यांवर.

मालक लगबगीनं आले. "काय झालं मिस्त्री? सामान जुनं हाय का?"

"बगून राहिलो," मिस्त्री म्हणाले.

गुरुजींनी प्रसंग ओळखून नुसत्या तबल्यावर गाणं पुढं नेलं. मी ती कंपासपेटी फळीवरून सोडवली, शालीखाली घातली आणि हुरडा खायला जातो असं दाखवत आगटीपाशी गेलो. तिथं एक मावशी कणसं भाजत होत्या. मी पेटी हळूच निखाऱ्यांच्या कडेला धरली. मावशींनी मान तिरकी करून पाहिलं.

"सायब, काय भाजून राहिले?"

"काही नाही मावशी. जरा ओल लागलीय."

"मग असं एका अंगानं काहून धरलं? करपंल की." आणि त्यांनी कणीस फिरवावं तशी ती पेटी माझ्या हातून घेऊन उलटी-पालटी केली, राख झटकली, फुंकर मारली आणि परत दिली. "झालं. चोळायचं का?"

पळत मंचावर आलो, पेटी जोडली, दाबली. आता ती इतकी तापली होती की माशीची म्हैस झाली. चिखलात बसलेली म्हैस. भसभस, भसभस. पुढच्या रांगेतलं एक पोर मोठ्यानं हसलं. मी पुन्हा मिस्त्रींकडे बघून हात उडवले. तोंडानं काही बोललो नाही, पण हातांनी बोललो तेही लोकांना दिसलंच. मिस्त्री तेव्हा शेवटची वायर बदलत होते.

आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. गुरुजींचं तिसरं गाणं मध्यावर येईपर्यंत कंपासपेटी निवत निवत बरोब्बर त्या जागी आली, जिथं तिला ना गार लागत होतं ना गरम. नेमकी त्याच वेळी मिस्त्रींनी नवी वायर खोचली. मी पाय ठेवला आणि आवाज लखलखीत. मध खरवडल्यासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बगा!" मालक म्हणाले. "वायरच व्हती ना सर?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला माझ्याकडे भरपूर वेळ होता. मी घाबरलेला नव्हतो, गडबडीत नव्हतो, कुणी माझा गळा धरलेला नव्हता. मी म्हणालो, "हाव. वायरच होती."

दुपारी सामान टेम्पोत भरताना मालक मिस्त्रींना बाजूला घेऊन बोलले. फार अदबीनं बोलले. पुढच्या रविवारपासून लातूरहून दुसरा सेट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका, पाहुण्यांसमोर असं झालं की बरं दिसत नाही. मिस्त्री म्हणाले, "न्हाई मालक, वाईट कशाचं." मी तिथंच होतो, गिटारची पिशवी बांधत. त्या पिशवीला एकच बंद आहे. तो मी तीन वेळा सोडला आणि तीन वेळा बांधला.

परतताना वारं सुटलं. मी केबिनमध्ये ड्रायव्हर आणि मिस्त्रींच्या मध्ये बसलो होतो. कंधारच्या अलीकडे मिस्त्रींनी घोंगडी उलगडली आणि माझ्या गुडघ्यांवर टाकली. नांदेड येईपर्यंत मला घाम फुटला होता, पण ती काढायची माझी हिंमत झाली नाही.

बायकोला मी काहीच सांगणार नव्हतो. पण कंपासपेटीला गोवऱ्यांच्या धुराचा वास येत होता आणि तिची एक खुंटी वितळून वाकली होती. "हे काय केलंत?" इथून सुरुवात झाली आणि अर्ध्या तासात तिनं घोंगडीपर्यंतचं सगळं बाहेर काढलं. मी म्हणालो, मालकांना उद्या फोन करून सांगून टाकतो.

"फोन?" ती म्हणाली. "मिस्त्रींना बोललात ते माईकवर बोललात ना? मग आता कानात का कुजबुजता?"

तरी मी आधी मिस्त्रींकडेच गेलो. तेही सरळ नाही. पेटी दुरुस्तीला आणलीय असं सोंग करून. मिस्त्रींनी ती उघडली, दिव्याखाली धरली, वास घेतला.

"ह्यात बिघाड काई न्हाई," ते म्हणाले. "आदी गारठलंय. मग भाजलंय. खुंटी बदलून देतो."

मग म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी वायर..."

"वायर चांगली व्हती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"घोंगडं उचललं तवाच. घोंगडं वरून कोरडं आणि खालची डबी वल्लीचिंब. दव काय जमिनीतून वर उगवतं का रं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. माणूस किती निर्लज्ज असू शकतो बघा. जणू त्यांनीच मला फसवलं होतं. "सगळ्यांसमोर सांगायचं की माझी चूक आहे!"

मिस्त्रींनी स्क्रू तोंडात धरला होता, तो काढला. "तू सगळ्यांसमोर बोललास. मी बी बोललो असतो. मग आपण दोगं भांडत बसलो असतो आणि ते गुरुजी तोंड उघडं ठेवून बसले असते. गाणं त्यांचं व्हतं. तुजं न्हाई आणि माजं बी न्हाई."

मी म्हणालो, मी रविवारी जातो, सांगतो. ते म्हणाले, "उगं तसदी घेऊ नको." पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या त्या काळ्या रंगवलेल्या खोक्यांकडे पाहिलं. त्यांच्यावर पुन्हा चादर आली होती.

रविवारी मी पहाटेच्या एसटीनं निघालो. गिटार घेतली नव्हती. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर. एवढं शहाणपण मात्र मला वेळेवर आलं, कारण ते माझ्या स्वतःच्या कानांपुरतं होतं. शेतावर पोचलो तर मंचावर दोन्ही बाजूंना माझ्याहून उंच खोकी, आणि त्यांतून असा दणका की आगटीतली राख उडत होती. माणसं कणीस हातात घेऊन दूर दूर बांधापर्यंत पांगली होती. मालक कानाशी हात नेऊन पाहुण्यांशी बोलत होते.

गाणं संपल्यावर मी मंचावर चढलो आणि माईक मागितला. सत्कार-बित्कार असेल असं समजून त्यांनी दिला. मी सगळं सांगितलं. मे महिन्यापासून. घोंगडी, वर्तमानपत्र, माशी, म्हैस, आगटी. पण पाहुणे त्या आठवड्याचे वेगळे, त्यांना ना मिस्त्री ठाऊक ना मी. त्यांना वाटलं, हा करमणुकीचा कार्यक्रम आहे. माशीला हसले, म्हशीला त्याहून हसले, आणि 'मी हाव म्हणालो' इथं तर एक लातूरकर काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "भले!" संपल्यावर टाळ्या पडल्या. "अजून एक होऊ द्या," असं कुणीतरी ओरडलं. अशी माफी कुणी मागितली असेल असं मला वाटत नाही. आठवडाभर पोटात घेऊन फिरलो ते शब्द लोकांनी गुळासोबत खाल्ले.

एकच माणूस हसला नव्हता. मालक. ते माझ्याजवळ आले, मला बाभळीमागे नेलं.

"हे खरं हाय का सर?"

"खरं आहे."

"म्हणजे मी त्या माणसाला उगंच बोललो?"

"तुम्ही माझ्यामुळे बोललात."

"पण बोललो तर मीच ना." त्यांचा चेहरा पार उतरला. बराच वेळ ते नखानं कणसाचे दाणे सोलत राहिले. मग म्हणाले, "नंबर लावा त्यांचा."

मी लावला. फोन त्यांनी माझ्या हातून घेतला आणि ज्वारीच्या कडेनं चालत लांब गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दिसत होतं ते एवढंच, की बोलताना ते मान खाली घालत होते, मध्येच हात छातीला लावत होते, समोर माणूस नसताना. परत आले तेव्हा म्हणाले, "येतो म्हणाले. पुढच्या रविवारपासून, हुरडा हाय तवर. ह्या लातूरवाल्याला मी सांगतो काय सांगायचं ते. आदी न्हाईच म्हणत व्हते. लई येळ मनवावं लागलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठवड्यानंतर पहिल्यांदा नीट श्वास घेतला आणि श्वासाबरोबर माझा मूळ स्वभावही परत आला. मी म्हणालो, "मग मालक, मीही येतो मिस्त्रींबरोबर. गिटार घेऊन. या वेळी पेडलं आत खोलीत ठेवीन, दुलईत गुंडाळून. नवी खुंटी बसवलीय. एकदा नीट ऐकाच तुम्ही."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मंचाकडे, मग बांधावर पांगलेल्या पाहुण्यांकडे. फार अदबशीर माणूस. खांद्यावर हात ठेवला, आवाज खाली आणला.

"सर, तुमी हुरडा खायला कवा बी या, घर तुमचंच हाय. पण गिटार नका आणू. खरं सांगू का? त्या दिवशी तुमचं ते बंद पडलं व्हतं ना, तेवढा येळच लोक निवांत खाऊन राहिले व्हते."